गाबोळीच्या मोसमातली व्हाइटफिश: बर्फावर आणि स्वयंपाकघरात या चुका टाळा

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनमध्ये डिसेंबर लागला की फोन सुरू होतात. पिजन लेक या तळ्याला बर्फ धरला का, व्हाइटफिश ही गोड्या पाण्यातली मासळी गाबोळीवर आली का, म्हणजे पोटात अंडी भरली का, या शनिवारी जायचं का. तासाभराच्या अंतरावर इतकी चांगली मासळी मिळते आणि आपली मंडळी थंडीची पर्वा न करता गरवायला निघतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण दर हिवाळ्यात नव्याने आलेले लोक त्याच त्या चुका करतात. काही चुकांनी मासा फुकट जातो, काहींनी जीवावर बेततं.

एक गोष्ट आधी समजून घ्या. वॉलाय, पाइक, पर्च हे मासे वसंतात अंडी घालतात. व्हाइटफिशचं उलटं आहे. तिला थंड पाणी लागतं. शरद ऋतू सरता सरता, आणि अल्बर्टातल्या काही तळ्यांत तर बर्फ धरल्यावर त्याच्याखाली, ती खडकाळ उथळ जागी येऊन अंडी सोडते. अंडी दगडगोट्यांच्या फटींत पडून राहतात, सगळा हिवाळा तिथेच काढतात आणि वसंतात फुटतात. पुढच्या बहुतेक चुका एवढं ठाऊक नसल्यामुळे होतात.

तळ्याच्या मध्यावर धावत सुटणं

बर्फात भोकं पाडून गरवणाऱ्यांचे तंबू दिसले की नवखा माणूस तिकडे चालू लागतो. पिजन लेकची सर्वांत खोल जागाही जेमतेम ९ मीटरची, पण या दिवसांत तिथेही जायचं कारण नाही. गाबोळीवरची व्हाइटफिश दीडदोन मीटर पाण्यात, उन्हाळ्यात पोरं डुंबतात तिथे असते. संध्याकाळ कलली की आणखी काठाकडे सरकते. मी उन्हाळ्यातच काठाने फिरून दगडी पट्टे कुठे आहेत ते बघून ठेवतो. हिवाळ्यात बर्फावर उभं राहून खालचे दगड शोधण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

"गाडी उभी आहे ना, मग बर्फ पक्का"

गाबोळीचा मोसम आणि कोवळा बर्फ एकाच वेळी येतात, म्हणून हा मोसम सर्वांत धोक्याचा. दुसऱ्याची गाडी म्हणजे बर्फाची हमी नव्हे. ती ज्या वाटेने गेली तिथे बर्फ जाड असेल, तुमच्या वाटेवर खालून झरा असेल. कॅनडाचा रेड क्रॉस एकट्या माणसाला चालायला १५ सेंटिमीटर आणि स्नोमोबिलला २५ सेंटिमीटर बर्फ सांगतो, तोही स्वच्छ, निळसर असेल तर. पांढरा, दुधाळ बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा धरायचा. मी पहार हातात घेऊन चालतो, दर चार पावलांवर ती आपटतो, आणि आवाज पोकळ आला की मागे फिरतो. गळ्यात बर्फाचे टोचे अडकवलेले असतात. पाण्यात पडल्यावर ओल्या हातांनी गुळगुळीत कडा धरता येत नाही, टोचे रोवूनच बाहेर यावं लागतं. टोचे घरी विसरले असतील, तर त्या दिवशी मी तळ्यावर पाऊल ठेवत नाही.

मासा तोंडाने लागेपर्यंत धीर न धरणं

या चुकीचा मला सर्वांत जास्त संताप येतो.

उथळ पाण्यात, अंधारलेल्या तंबूत, भोकाशी पालथं पडून खाली पाहिलं तर तळ स्पष्ट दिसतो. ऐन मोसमात मासे थव्याने येतात. एक गेली की दोन येतात, कधी भोकाखालचा अख्खा तळ रुपेरी होतो. पण अंडी घालण्याच्या ऐन दिवसांत तिची भूक मंदावलेली असते, गळापाशी येऊन ती तशीच पुढे निघून जाते. इथे उतावळ्या माणसाची परीक्षा होते.

मागे एकदा शेजारच्या तंबूत तीनचार तरुण होते, मराठीच. सकाळपासून "दिसतायत पण घेत नाहीत" असं चाललं होतं. दुपारनंतर आवाज एकदम बदलला, हसणं, ओरडणं, मासे बर्फावर आपटल्याचे आवाज. मी बघायला गेलो. एकाने तीन काट्यांचा मोठा गळ तळाशी सोडला होता, त्याला अळीसुद्धा लावलेली नव्हती. वरून मासा गेला की हिसका. बर्फावर ज्या माद्या पडल्या होत्या त्यांत एकीचं पोट फाटून पिवळी अंडी बर्फावर सांडली होती. दुसरीच्या शेपटीशी काटा घुसला होता. आणि गळातून निसटून फाटक्या अंगाने परत गेलेल्या किती, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, हे इथल्या कायद्यात बसत नाही. मासा तोंडाने लागला पाहिजे, अंगात काटा घुसलेला मासा लगेच सोडावा लागतो. उत्तर आलं, "काका, इथे कोण बघतंय?" मत्स्य खात्याचे अधिकारी साध्या वेशात, रॉड हातात घेऊनही फिरतात. पण कुणी बघत नसतं तरी ते चूकच होतं.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. कोळीवाड्यात वाढलेल्या पोरालाही ते सांगावं लागत नाही. इथे व्हाइटफिशची पैदास चांगली आहे म्हणून विणीच्या दिवसांतही मोजके मासे घ्यायची मुभा आहे. ती मुभा ओरबाडण्यासाठी नाही. प्रत्येक तळ्याची मर्यादा वेगळी असते आणि बदलते, काही तळ्यांत एकही मासा ठेवता येत नाही, तेव्हा त्या वर्षाची नियमावली वाचूनच निघा. परवाना खिशात हवा. आणि माझं स्वतःचं सांगायचं तर गाबोळीसाठी मी दोन माद्या घेतो, बाकी नर. विणीच्या काळात दोघांच्याही खवल्यांवर बारीक पांढरे दाणे येतात, नराच्या अंगावर ते जास्त टोकदार. बोट फिरवलं की कुशीला वाळूचा कागद चिकटवल्यासारखं लागतं.

धीर धरायचा म्हणजे काय करायचं? गळ बारीक, १० नंबरचा, त्यावर एकदोन अळ्या किंवा माशाच्या अंड्याएवढा नारिंगी मणी. एकमेकींची अंडीही त्या खातात, म्हणून मणी चालतो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ४ ते ६ पौंडाचा, त्याहून जाड लावलात तर दिसतो. शिसं तळाला हळूच टेकवायचं, जरा गाळ उडू द्यायचा, आणि मग हात थांबवायचा. पूर्ण. व्हाइटफिश येते, थांबते, नाक खाली करून तिरपी होते. तिचं तोंड लहान, खालच्या अंगाला वळलेलं, दात नाहीतच म्हटलं तरी चालेल. ती ओढत नाही, नुसती चोखून घेते. मणी दिसेनासा झाला आणि ओठांची पांढरी कड हलली, की मनगट उचलायचं. हिसका नाही, उचलायचं फक्त. तोंड इतकं मऊ की जोर केलात तर गळ फाडून बाहेर येतो. भोकाच्या तोंडाशी ती एकदा जोरात वळते, तेव्हा तंगूस सैल सोडा. पुष्कळ मासे तिथेच सुटतात.

काही गोष्टी एकेका वाक्यात. संध्याकाळी उथळ पाण्यावर नवी भोकं पाडू नका, दुपारीच पाडून ठेवा. बर्फावर पाय आपटणं, स्पीकर लावणं, भोकात टॉर्च मारणं बंद. एका माणसाला बर्फावर दोनच रॉड चालतात. जिवंत मासा आमिष म्हणून लावणं अल्बर्टात बेकायदा आहे. पिजन लेकमध्ये वॉलाय लागला तर तसाच परत सोडा, तो ठेवायला सोडतीत मिळालेला वेगळा परवाना लागतो. आणि तंबूत गॅसचा हीटर लावणार असाल तर वरची खिडकी उघडी राहिलीच पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपतो आणि उठत नाही.

पकडलेल्या माशाचे हाल करणं

"व्हाइटफिशला वास येतो", "मांस लगदा होतं", ही तक्रार मी दर वर्षी ऐकतो. दोष माशाचा नसतो.

एका ओळखीच्या कुटुंबाचं उदाहरण देतो. मासे उत्तम मिळाले होते. सकाळी पकडलेले मासे न मारता, रक्त न काढता बादलीत टाकले आणि बादली हीटरशेजारी ठेवली. दुपारी कुणाला तरी वाटलं की ते बाहेर ठेवावेत, तर उणे वीसमध्ये उघड्या बर्फावर ठेवले. संध्याकाळपर्यंत लाकडासारखे कडक. मग गाडीत मागच्या सीटखाली, हीटर चालू. रात्री दमल्यामुळे गॅरेजमध्ये तसेच ठेवले, पुन्हा गोठले. दुसऱ्या दिवशी दुपारी सिंकमध्ये गरम पाणी सोडून वितळवले. पोट उघडलं तेव्हा बरगड्यांपासून मांस आपोआप सुटत होतं, आतड्यांचा हिरवट डाग पोटाच्या भिंतीवर उतरला होता. ही मासळी तळातल्या गोगलगायी आणि किडे खाते, आतडी आत राहिली की पोटाकडचं मांस आधी जातं. शिवाय चरबी भरपूर, ती गोठून वितळून पुन्हा गोठली की वास धरते. त्या घरात आता व्हाइटफिशचं नाव काढत नाहीत, आणि एवढी चवदार मासळी त्यांच्या मुलांना माहीतच होणार नाही, याचं मला वाईट वाटतं.

माझी पद्धत साधी आहे. मासा वर आला की डोक्यावर एक नेमका फटका. लगेच दोन्हीकडचे कल्ले कापून, डोकं खाली करून, तळ्याच्या पाण्याच्या बादलीत रक्त जाऊ द्यायचं. मग तिथेच पोट साफ करायचं, गाबोळी वेगळ्या डब्यात, आतडी पिशवीत घालून घरी. बर्फावर घाण टाकून येऊ नका. साफ केलेला मासा कूलरमध्ये, वरून भुरभुरीत बर्फ. इथे कूलर थंड ठेवण्यासाठी नसून मासा गोठू नये म्हणून लागतो. घरी त्याच रात्री तुकड्या करायच्या, मग कितीही उशीर होवो. तळ्यावरच काप काढणार असाल तर कातडी काढू नका, मासा कोणता ते वाटेत अधिकाऱ्याला ओळखता आलं पाहिजे.

कापताना मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पिवळट गाठी दिसल्या म्हणून मासा फेकू नका. तो माशातला एक परजीवी आहे, माणसाला त्याचा उपद्रव नाही. सुरीच्या टोकाने काढायच्या. मात्र गोड्या पाण्यातल्या माशात पट्टकृमीची शक्यता असते, म्हणून कच्चा मासा किंवा नुसती मिठातली गाबोळी खायचा उत्साह आवरा. पूर्ण शिजवा.

गाबोळी थेट तव्यावर टाकणं

सुरमईच्या गाबोळीची सवय असलेले हात इथे चुकतात. मोसमाच्या सुरुवातीला व्हाइटफिशची गाबोळी पातळ पडद्यात घट्ट असते. ती मीठहळदीच्या पाण्यात मंद आचेवर दहाएक मिनिटं उकडून, निवल्यावर कापून, तिखट, आलं-लसूण, आगळ लावून रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळायची. न उकडता टाकलीत तर तेलात फुटते आणि अंडी चेहऱ्यावर उडतात. ऐन विणीतली मादी मात्र उचलताच अंडी सोडते, तिचा पडदा गेलेला असतो. अशी सुटी अंडी तळायच्या भानगडीत पडू नका. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून भुर्जी करा, झाकण ठेवून दाणा न दाणा अपारदर्शक होईपर्यंत.

तुकड्यांचं कालवण करणार असाल तर रस आधी पुरा उकळून घ्या. तुकड्या शेवटी सोडा, पाचसहा मिनिटांत होतात. डाव घालून ढवळू नका, भांडं दोन्ही हातांनी धरून फिरवा. आणि तेल नेहमीच्या निम्मं, मासा स्वतःची चरबी सोडतो.