कुंदाला कात्री कधी लावावी (आणि कधी नाही)

कुंद म्हणजे मोगऱ्याचा हिवाळ्यात फुलणारा भाऊबंद. त्याच्या लागवडीत अवघड काही नाही. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची फांदी मातीत खोचा, किंवा जमिनीलगतच्या फांदीचं दाबकलम करा, म्हणजे फांदी न तोडता मातीत दाबून तिला मुळं फुटू द्या. ते जास्त खात्रीचं. मोठी कुंडी, तळाची भोकं मोकळी, दिवसाला पाच-सहा तास ऊन. झालं.

रोप विकत घेणार असाल तर पानावरून बोट फिरवा. मोगऱ्याचं पान चकचकीत असतं. कुंदाचं मंद हिरवं, आणि कोवळ्या फांदीवर मऊ लव. ‘कुंदच आहे’ म्हणून मोगरा गळ्यात मारणारे भेटतात.

खरा घोळ होतो छाटणीत. मोगरा उन्हाळ्यात फुलायचा असतो, म्हणून त्याचं पाणी तोडून हिवाळ्यात त्याला छाटतात. तोच सल्ला लोक कुंदालाही बिनधास्त लावतात. अहो, कुंद तेव्हा कळ्यांवर आलेला असतो! कळ्या धरतात त्या आखूड फुटव्यांच्या शेंड्यांना. तिथेच कात्री चालवली की त्या वर्षीचा बहर केराच्या टोपलीत, आणि वर तक्रार की ‘आमचा कुंद फुलतच नाही’.

माझा नियम साधा आहे: भाद्रपदातल्या गणपतीपासून माघी गणपतीपर्यंत कात्री कपाटात. माघी गणपतीच्या दिवशी तिलकुंद चतुर्थी असते आणि देवाला कुंदाचीच फुलं वाहतात. झाड तेव्हा फुललेलं हवं. मधल्या काळात एखादी फांदी वाटेत आलीच तर सुतळीने बांधा, कापू नका.

बहर ओसरला की, साधारण फेब्रुवारीअखेर ते मार्च, मात्र हात आखडू नका. सगळ्या फांद्या निम्म्याने कमी करा, वाळक्या आणि आत गुंतलेल्या बुडापासून काढा, दोन-तीन ओंजळी कुजलेलं शेणखत घाला. झाड बोडकं दिसेल, दिसू द्या. नवे फुटवे वीतभर झाले की शेंडे खुडत राहा. बगलेतून जितके फुटवे, तितक्या फुलांच्या जागा. हे खुडणं ऑगस्टपर्यंतच.

सप्टेंबरनंतर युरिया नको, नुसता पाला वाढतो. मोगऱ्यासारखा पाण्याचा ताणही नको. कळ्यांवर असताना कुंडी कोरडी पडली तर कळ्या गळतात. वरची माती सुकली की पाणी, बस.

वासाबद्दल एक सांगून ठेवतो. एका कुंदाने अंगण दरवळतं असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. हा वास हलका असतो. दोन-तीन झाडं एकत्र, खिडकीलगत लावा.