दोन गार्डच्या शूटिंगमधील सातत्याची तुलना करताना या चुका टाळा

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाचा घरच्या मैदानावरील सामना पुण्यात बहुधा सकाळी आठ-नऊच्या सुमारास दिसतो आणि त्यावरचा वाद संध्याकाळी डेक्कनच्या एखाद्या अमृततुल्यात रंगतो. ‘करी लहरी, क्ले पक्का’ किंवा नेमका याच्या उलट निवाडा तेथे चहा निवण्याच्या आत दिला जातो. स्टीफन करी आणि क्ले थॉम्पसन हे दोन गार्ड, म्हणजे बहुधा बास्केटपासून दूर राहून खेळणारे खेळाडू, 2011 पासून 2024 पर्यंत एकाच संघात असल्याने ही तुलना सोपी वाटते. प्रत्यक्षात ती करताना मी स्वतः एक्सेलमध्ये जवळजवळ प्रत्येक चूक केलेली आहे.

टक्केवारीची सरासरी काढणे

माझी पहिली चूक हीच होती. एका सामन्यात 1 पैकी 1 आणि दुसऱ्यात 12 पैकी 4 थ्री-पॉइंटर (ठरावीक रेषेबाहेरून घेतलेले तीन गुणांचे शॉट, थोडक्यात ‘थ्री’) पडले, तर 100 आणि 33 यांची सरासरी 67 येते. वास्तविक 13 पैकी 5, म्हणजे 38 टक्केच शॉट पडलेले असतात. हंगामांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक महागात पडतो. 2019-20 मध्ये हाताच्या दुखापतीमुळे करी केवळ 5 सामने खेळला आणि त्याची थ्री-पॉइंटची टक्केवारी 24.5 राहिली, तर 2015-16 मध्ये 79 सामन्यांत त्याने 886 पैकी 402, म्हणजे 45.4 टक्के थ्री टाकले. या दोन आकड्यांना समान वजन दिले, तर पाच सामन्यांमुळे एक अख्खी कारकीर्द अस्थिर दिसू लागते. म्हणून आधी पडलेले शॉट आणि प्रयत्न यांची वेगवेगळी बेरीज करावी आणि भागाकार शेवटी एकदाच करावा.

एका रात्रीवरून स्वभाव ठरवणे

4 नोव्हेंबर 2016 रोजी लेकर्सविरुद्ध करीने थ्रीचे 10 प्रयत्न केले आणि एकही पडला नाही. नियमित हंगामातील सलग 157 सामन्यांत किमान एक थ्री टाकण्याची त्याची मालिका तेथे तुटली. त्यानंतरच्याच सामन्यात, 7 नोव्हेंबरला, पेलिकन्सविरुद्ध त्याने 17 पैकी 13 टाकून एका सामन्यातील विक्रम केला. तो विक्रम 29 ऑक्टोबर 2018 रोजी शिकागो बुल्सविरुद्ध 24 पैकी 14 टाकून मोडला तो क्लेने, आणि गंमत म्हणजे त्या रात्रीपूर्वीच्या सामन्यांत मिळून त्या हंगामात त्याचे 36 पैकी केवळ 5 थ्री पडले होते. दोघांचेही विक्रम दुष्काळाला लागूनच आलेले आहेत, त्यामुळे यांपैकी एक प्रसंग उचलून एकाला लहरी ठरवणाऱ्याला दुसऱ्यालाही तेच म्हणावे लागेल.

खरे तर त्यासाठी स्वभाव मध्ये आणण्याचीही गरज नसते. एखाद्या खेळाडूचा प्रत्येक थ्री पडण्याची शक्यता हंगामभर अगदी काटेकोर 40 टक्के आहे आणि तो प्रत्येक सामन्यात 10 प्रयत्न करतो, असे गृहीत धरू. याहून अधिक सातत्य कल्पनेतही शक्य नाही. तरीही गणिताने त्याचे सुमारे सहापैकी एका सामन्यात दोन किंवा त्याहून कमी आणि तितक्याच सामन्यांत सहा किंवा अधिक थ्री पडतील. म्हणजे 82 सामन्यांच्या हंगामात तेरा-चौदा वेळा आपण त्याला ‘गेला हा’ म्हणणार आणि तेवढ्याच वेळा डोक्यावर घेणार. शॉट मात्र तोच असतो.

प्रयत्नांची संख्या न पाहणे

आता त्याच 40 टक्क्यांच्या खेळाडूला सामन्याला 5 प्रयत्न द्यावेत. एक किंवा शून्य थ्री पडण्याची, म्हणजे 20 टक्के किंवा त्याखाली राहण्याची वेळ त्याच्यावर तीनपैकी एका सामन्यात येईल. 10 प्रयत्न करणाऱ्यावर ती सहापैकी एकातच येत होती. सामन्यागणिक टक्केवारीतील चढउतार मोजून दोन गार्डची तुलना केली, तर कमी शॉट घेणारा गार्ड केवळ त्याच कारणाने बेभरवशाचा ठरतो. सामना हे सोयीचे एकक असले, तरी ते मापाला योग्य नाही.

वेगवेगळे शॉट एकाच पोत्यात भरणे

5 डिसेंबर 2016 रोजी इंडियाना पेसर्सविरुद्ध क्लेने 29 मिनिटांत 60 गुण केले, आणि त्यासाठी एकूण ड्रिबल केले (चेंडू जमिनीवर आपटला) अवघे 11. स्क्रीनभोवती, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या असलेल्या सहकाऱ्याभोवती, धावत येऊन पाय आधीच रोवलेले, पास हातात पडताच चेंडू सुटलेला, असा तो खेळ आहे. करी मात्र अनेकदा स्वतः ड्रिबल करत, बचावपटू अंगावर असताना, मागे सरकून शॉट तयार करतो. त्यामुळे कॅच अँड शूट, म्हणजे पास पकडताच घेतलेले, आणि ड्रिबलवरून घेतलेले शॉट वेगळे मांडल्याशिवाय दोघांची टक्केवारी शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष याच मुद्द्याकडे होते.

थ्रीच्या रेषेचे बास्केटपासूनचे अंतरही पाहावे. एनबीएची रेषा समोरून 7.24 मीटरवर आहे, पुण्याच्या बालेवाडीसह फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या मापाच्या कोर्टवर ती 6.75 मीटरवर असते, आणि 1994-95 ते 1996-97 या तीन हंगामांत एनबीएने ती जवळ आणली होती. त्या काळातील गार्ड रेगी मिलरचे आकडे आजच्या गार्डशी ताडताना हे तीन हंगाम वेगळे काढावेत.

मग मोजावे कसे

प्रत्येक खेळाडूचे एकाच प्रकारचे शॉट क्रमाने लिहून त्यांचे शंभर-शंभरचे गट पाडावेत. 42 टक्क्यांच्या शूटरचे सुमारे दोन-तृतीयांश गट केवळ योगायोगाने 37 ते 47 टक्क्यांच्या दरम्यान पडतात. एखाद्याच्या गटांची पसरण एवढीच असेल, तर त्याच्यात असातत्य आहे असे म्हणायला आधार नाही. ती स्पष्टपणे जास्त असेल, तरच दुखापत, थकवा किंवा बदललेली भूमिका शोधायला निघावे. क्लेने दुखापतींमुळे 2019-20 आणि 2020-21 हे दोन्ही हंगाम गमावले, त्यामुळे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या गटांची एकत्र पसरण काढू नये. हंगामाअखेरीस उरलेले शॉटही पुढच्या हंगामाच्या पहिल्या गटात ढकलू नयेत. करीच्या 886 प्रयत्नांचे आठ गट होऊन 86 उरतात, ते वेगळ्या ओळीत तसेच ठेवावेत.