सोलापुरात लेट्यूसचं बी उगवत नसेल तर

लेट्यूस उगवलं नाही की पहिला राग पाकिटावर निघतो. विजापूर रोडला माझी छोटी रोपवाटिका आहे. टोमॅटो, वांगी, मिरचीच्या जोडीला हिवाळ्यात लेट्यूसचेही ट्रे भरते. दिवाळीच्या आगेमागे गच्चीवर बाग करणाऱ्या ताई-काकू येतात आणि सांगतात, "बी खोटं निघालं." कधी ते खरंही असतं. पण आपल्या सोलापुरात बहुतेक वेळा बी चांगलं असतं. पेरल्यावर पहिल्याच रात्री त्याला इतकी उष्णता लागलेली असते की ते उगवायचं थांबतं. म्हणून दुसरं पाकीट आणायच्या आधी नेमकं काय बिघडलं ते शोधा. त्याला फार खटाटोप लागत नाही.

आधी ट्रे उकरा. दोन-तीन कप्प्यांतली वरची माती चमच्याने हळूच बाजूला करा आणि बी सापडतं का ते पाहा. सापडलंच नाही तर मुंग्यांनी नेलं असणार. लेट्यूसचं बी हलकं असतं, एका ग्रॅममध्ये साधारण 800 ते 1000 दाणे बसतात, आणि आपल्या गच्च्यांवर मुंग्यांना काही तोटा नाही. ट्रे विटांवर किंवा स्टुलावर ठेवायचा आणि स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, एवढ्याने हा त्रास थांबतो. बी सापडलं तर ते बोटांत दाबा. टणक लागलं तर ते अजून जिवंत असू शकतं. दाबल्यावर पिचकलं, आतून पांढरट पाणी आलं, तर ते कुजलंय. मुळी फुटून वाळलेली दिसली तर उगवण झाली होती, पुढे पाणी चुकलं. आणि बारीक कोंब मातीच्या वर येऊन बुडापाशी काळपट पडून आडवे झाले असतील तर तो मर रोग. तिथे उगवणीचा काही दोष नाही, जास्त ओल आणि कोंदट हवा हे कारण असतं.

टणक बी सापडणं हाच आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

टोमॅटो-मिरचीच्या बियांना उगवायला ऊब लागते, 25 ते 30 अंशांत ती मजेत येतात. लेट्यूसचं उलटं आहे. माती 15 ते 20 अंशांवर असेल तर दोन-चार दिवसांत मोड दिसतो. 25 च्या पुढे गडबड सुरू होते आणि 30 च्या आसपास बऱ्याच जाती उगवायच्या थांबतात. या बियांत मुळीच्या टोकाभोवती एक पातळ पण चिवट थर असतो. तो मऊ पडला तरच मुळी बाहेर येते. उष्णतेत बी पाणी पितं, फुगतं, पण थर मऊ पडायची क्रिया अडून बसते. यातली सगळ्यांत नाजूक वेळ म्हणजे बी ओलं झाल्यापासूनचे पहिले काही तास. तेवढा वेळ थंडावा मिळाला तर नंतर थोडं ऊन वाढलं तरी मुळी वाट काढते. तो मिळाला नाही आणि बी तसंच ओल्या उकाड्यात दिवसेंदिवस पडून राहिलं, तर ते गाढ सुप्तावस्थेत जातं. मग हवा थंड झाली तरी ते लगेच जागं होत नाही. ऑक्टोबरात पेरलेल्या, सगळ्यांनी आशा सोडलेल्या कुंडीत डिसेंबरात कोंब दिसतात ते यामुळे. म्हणून टणक बी असलेला ट्रे उलटा करू नका. कोरडा होऊ दे, सावलीत ठेवा, थंडी पडली की पुन्हा भिजवून बघा.

आता आपल्या गावाचा हिशोब. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 15-16 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा लेट्यूस कुठेही उगवतं. ऑक्टोबरात मात्र दुपार 32-33 अंशांची असते, आणि तो झाला हवेचा आकडा. ट्रे काळा, त्याखालचा स्लॅब दिवसभर तापलेला. रात्री नऊ वाजता गच्चीवर अनवाणी उभं राहून पाहा, म्हणजे बियांना काय सोसावं लागतं ते कळेल. एक साधा तापमापक घ्या आणि हवेत लटकवू नका, मातीत बोटाच्या पेरभर खोचा. संध्याकाळी आणि रात्री झोपताना वाचा. माझ्याकडे कुणी तक्रार घेऊन आलं की मी आधी हाच आकडा विचारते.

दोष बियांचा की उन्हाचा हे ठरवायला घरी एक परीक्षा करता येते. आपल्याकडे टॉवेल-नॅपकिन काय, घरोघरी. जुना, साबणाचा वास नसलेला सुती नॅपकिन ओला करून घट्ट पिळा. त्याचे दोन तुकडे करा, प्रत्येकावर 20 बिया मांडा, घडी घाला आणि दोन झाकणाच्या डब्यांत ठेवा. एक डबा स्वयंपाकघराच्या फळीवर राहू दे. दुसरा एक-दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये मुळीच नाही, कारण ओलं बी गोठलं की मेलं. मग तो काढून घरातल्या सगळ्यांत थंड जागी ठेवा. रोज एकदा झाकण उघडून वारा द्या. बाहेर काढल्यापासून सात दिवसांनी मोजा. फ्रिजमधल्या बिया आल्या आणि फळीवरच्या आल्या नाहीत, तर दोष उष्णतेचा. दोन्हीकडे काहीच नाही, तर बी गेलं. दोन्हीकडे छान आल्या आणि फक्त ट्रेमध्ये येत नाहीत, तर तुमची माती, पाणी किंवा खोली तपासायची. 20 पैकी आठ-दहा उगवल्या तर बी म्हातारं झालंय, पण वापरता येतं. कप्प्यात एकाऐवजी तीन टाका.

दोष उष्णतेचा निघाला तर पेरणी अशी करा. बी वरच्यासारखंच ओल्या कापडात एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा. मुळी लांब वाढेपर्यंत थांबू नका. पांढरं टोक दिसायला लागलं की लगेच पेरा, नाहीतर हाताळताना ते मोडतं. पेरणी सूर्य मावळल्यावर, म्हणजे पहिले तास रात्रीच्या गारव्यात जातात. सकाळी पेरलं तर तेच तास दुपारच्या उन्हात जातात. ट्रे गच्चीवर ठेवू नका, तळमजल्यावर उत्तरेच्या भिंतीशी किंवा न्हाणीघराच्या बाजूला ठेवा. आपली हवा कोरडी असते, तिचा फायदा घ्या. ज्या कारणाने माठातलं पाणी गार होतं, त्याच कारणाने ओल्या गोणपाटावर ठेवलेला ट्रे गार राहतो. खाली ओलं पोतं, बाजूने ओली जुनी चादर, आणि पोतं दिवसातून दोन-तीनदा शिंपायचं. फ्रिज नसेल तरी ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या परळात नोव्हेंबरात बी नीट उगवतं. एप्रिल-मेमध्ये मात्र कुणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणते. तेव्हा फ्रिजमुळे बी उगवेलही, पण 40 च्या वरच्या उन्हात रोप पोसणार कसं?

पाण्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं, म्हणून त्यावर जरा थांबते. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, तोवर आपण ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत साठवतो. दुपारी त्या टाकीच्या नळाखाली हात धरून बघा. संध्याकाळी तेच कोमट पाणी आपण ट्रेला घालतो, आणि मग रात्रीच्या गारव्याचा काय उपयोग? पेरायचं पाणी माठातलं किंवा सावलीत ठेवलेल्या बादलीतलं घ्या. दुसरं म्हणजे क्षार. लेट्यूसला खारट पाणी सोसत नाही, आणि अगदी कोवळं असताना तर जास्तच. बोअरचं मचूळ पाणी मिरचीच्या मोठ्या झाडाला चालून जातं, लेट्यूसच्या बियांना नाही. खारट ओलीतून त्यांना पाणी ओढताच येत नाही. जुळे सोलापुरातल्या एक काकू सगळं नीट करत होत्या, वेळ बरोबर, सावली बरोबर. मी विचारलं, "काकू, पाणी कुठलं घालता?" म्हणाल्या, "फिल्टरमधून वाया जातं ना, तेच. उगाच कशाला सांडायचं?" पाणी जपायची ही सवय आपल्या गावात मोलाची आहे. पण त्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, पेरणीला नको. पाण्यातले क्षार मोजायचा पेनाएवढा मीटर बाजारात मिळतो. माझ्याकडे 500 पीपीएमच्या वर आकडा दाखवणारं पाणी लेट्यूसच्या ट्रेला जात नाही. पावसाचं पाणी साठवून ठेवलं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही.

कोकोपीटमध्येही, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातही, मीठ असतं. विटेच्या आकाराचा गठ्ठा भिजवून लगेच भरू नका. फुगल्यावर पिळा, पुन्हा गोड्या पाण्यात भिजवा, पुन्हा पिळा. निघणाऱ्या पाण्यात मीटर बुडवा. तो आकडा नळाच्या पाण्याजवळ आला की काम झालं. त्यात चाळलेलं गांडूळखत मिसळा, पण चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. शेतातली काळी माती ट्रेमध्ये अजिबात घालू नका. ज्वारीसाठी ती सोनं आहे, पण ओली झाली की चिकटून बसते आणि वाळली की वरून पापडी धरते. लेट्यूसचा कोंब धाग्यासारखा बारीक असतो, तो पापडी फोडू शकत नाही.

खोलीचं माप आपल्या घरातच आहे. ज्वारीच्या एका दाण्याच्या जाडीपेक्षा जास्त माती बियांवर नको. पांढऱ्या किंवा काळ्या बियांच्या बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो, आणि हवा जितकी गरम तितकी ही गरज वाढते. 1952 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' या लेट्यूसच्या बियांवरच दाखवून दिलं की लाल प्रकाश दिला की बी उगवतं, त्यानंतर लगेच त्याच्या पलीकडचा अतिलाल प्रकाश दिला की ते पुन्हा थांबतं. यातून आपल्या कामाची गोष्ट अशी, की झाडाच्या पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात लाल भाग कमी आणि अतिलाल जास्त असतो. म्हणून ट्रे लिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत ठेवण्यापेक्षा भिंतीच्या सावलीत, मोकळ्या आकाशाच्या उजेडात ठेवा. बी टाकल्यावर वरून नुसतं बारीक कोकोपीट भुरभुरवा आणि तळहाताने हलकं दाबा. पाणी झारीने ओतलं तर बी एका कोपऱ्यात वाहून जमा होतं. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्या, वरचा थर गडद दिसला की उचला आणि पाणी निथळू द्या. सतत पाण्यात बसलेल्या ट्रेमध्ये बियांना हवा मिळत नाही आणि ते कुजतं.

आता पाकीट. त्यावर बी तपासल्याची तारीख आणि उगवणीची टक्केवारी छापलेली असते, ती दुकानातच वाचा. आपल्याकडे बियाण्याची वैधता तपासणीच्या तारखेपासून नऊ महिने धरतात. त्यानंतर बी लगेच मरतं असं नाही. कोरड्या, गार जागी लेट्यूस दोन-तीन वर्षं चांगलं राहतं. पण पत्र्याच्या दुकानात एक उन्हाळा काढलेलं पाकीट तारखेच्या आत असूनही मेलेलं असू शकतं. त्यामुळे मी पावसाळ्यानंतर आलेला नवा माल मागते. मातीचा लेप दिलेल्या गोळीच्या बियांबद्दल एक सांगते: ती पेरायला सोपी, पण त्यातली बरीचशी आधीच अर्धी जागी केलेली असतात, त्यामुळे फार टिकत नाहीत. ती एकाच हंगामात संपवा आणि लेप विरघळेपर्यंत माती सुकू देऊ नका.

कोंब दिसले की त्याच दिवशी ओलं पोतं आणि चादर काढा आणि ट्रे कोवळ्या सकाळच्या उन्हात न्या. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबुळकी होऊन लोळतात. पाणी सकाळीच द्या, रात्री पानं कोरडी राहू द्या, म्हणजे मर लागत नाही.

कधी पेरायचं? गड्डा घट्ट बांधणारं आइसबर्ग 70-80 दिवस घेतं, ते नोव्हेंबर संपायच्या आत पेरून टाका. सुट्ट्या पानांच्या जाती दीड महिन्यात कापणीला येतात, त्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या सुमारापर्यंत, पेरल्या तरी चालतात. त्यानंतर पेरलेलं उगवतं छान, पण मार्चच्या उन्हात दांड्यावर जातं, म्हणजे फुलाचा दांडा काढतं, आणि पानं कडू होतात. उरलेलं बी पाकिटासकट काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत घाला, सोबत औषधाच्या बाटलीत येते तशी ओल शोषणारी पुडी टाका, आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवा. पुढच्या वेळी बाहेर काढली की लगेच उघडू नका, नाहीतर गार बियांवर हवेतली वाफ जमते. बरणी खोलीच्या उष्णतेला आली, बाहेरची काच कोरडी झाली, की मग झाकण काढा.