नोंदणी वाढली, पण कशामुळे? बेळगावातला माझा पहिला धडा

टिळकवाडीतल्या एका छोट्या ऑफिसात नोकरीला लागले आणि पहिलं मोठं काम हाती आलं ते एका खाजगी क्लासच्या वेबसाइटचं. साइट जुनी, कॉम्प्युटरच्या हिशोबानं बांधलेली. मुलं मात्र मोबाइलवरून यायची, खानापूर, निपाणी, पार चंदगडकडची. आम्ही मोबाइलसाठी सगळं नव्यानं केलं. मे महिन्यात साइट सुरू झाली आणि पंधरा दिवसांत नोंदणी दुपटीच्या घरात गेली. ऑफिसात कुंदा वाटला.

मग मी मागच्या वर्षीचा मे महिना काढून बघितला. तेव्हाही आकडा असाच चढला होता, कारण दहावीचा निकाल. शिवाय ‘नोंदणी करा’ हे बटण दाबलं की आम्ही एक नोंदणी धरत होतो. फॉर्म अडला की मुलं तेच बटण तीनदा दाबायची आणि आमच्याकडे तीन नोंदण्या लागायच्या. क्लासच्या वहीत नाव मात्र एकच.

म्हणून या कामात नवीन असाल तर डिझाइनला हात लावण्याआधी काय मोजायचं ते ठरवा आणि जुन्या साइटवर निदान चार आठवडे तेच मोजून ठेवा. ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना निकाल, गणपती, सुट्ट्या यांत वाहून जाते. जमत असेल तर एकाच वेळी निम्म्या लोकांना जुनं पान दाखवा, निम्म्यांना नवं. एकाच माणसाला आज जुनं, उद्या नवं असं होऊ देऊ नका.

लोक किती लागतात, याचा अंदाज मला अजिबात नव्हता. शंभरात ४ जण नोंदणी करत असतील आणि ते ५ झाले हे पकडायचं, तर नेहमीच्या निकषांवर (फरक नसताना तो आहे असं वाटण्याची शक्यता ५ टक्के, खरा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के) प्रत्येक बाजूला साधारण पावणेसात हजार माणसं लागतात. आपल्याकडच्या लहान साइटला तेवढी महिनोन् महिने मिळत नाहीत. तेव्हा बटणाचा रंग तपासत बसू नका, मोठा अडथळा शोधा. आणि रोज आकडा बघून ‘जिंकलो’ म्हणून चाचणी मध्येच थांबवू नका, ठरवलेले पूर्ण आठवडे जाऊ द्या.

गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ या साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या साधनात भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली, दोन पानं बघितली गेली किंवा महत्त्वाची कृती झाली की ती ‘गुंतलेली’ धरतात. म्हणजे फॉर्मशी झगडणारी मुलगीही गुंतलेलीच दिसते.

तशी एक मुलगी मला बसस्टँडवर भेटली. जांबोटीची. माझ्यासमोर तिनं फॉर्म भरला, मेसेजमधला कोड बघायला गेली, परत आली तर पान कोरं. “ताई, कोड आला, पण इकडं आल्यावर सगळं पुसून गेलंय बघा.” स्वस्तातल्या फोनमध्ये ब्राउझर मागे गेला की पान पुन्हा लोड व्हायचं. ऑफिसातल्या चांगल्या फोनवर हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं. भरलेली माहिती फोनमध्येच टिकेल अशी सोय केली आणि फॉर्म उघडला, नंबर टाकला, कोड भरला, नोंदणी झाली, असे चार टप्पे वेगळे मोजायला लागलो. गळती कुठे होते ते तेव्हा दिसलं: तिसऱ्या टप्प्यावर.

आता दर शनिवारी दुपारी मी आधी क्लासला फोन लावून वहीतला आकडा विचारते, मग माझा तक्ता उघडते.