ब्रेस्ट पंपात दूध कमी येतंय? आधी या चुका तपासा

कामावर रुजू होऊन काही आठवडे झाले की बाटलीत निम्मंच दूध जमतं आणि घरात ‘दूध आटलं’ अशी चर्चा सुरू होते. अनेकदा ते आटलेलं नसतं, पंपालाच ओढता येत नसतं.

पहिला संशय व्हॉल्व्हवर घ्या. बदकाच्या चोचीसारखा हा सिलिकॉनचा तुकडा वापरून सैल पडतो, चोचीची फट मिटत नाही आणि मोटर घरघरत असूनही ओढ लागत नाही. रोज तीन-चारदा पंप करत असाल तर एक-दोन महिन्यांत तो बदलावा लागतो. आत ब्रश घालून घासू नका, तिथेच तो फाटतो. जादा जोड पर्समध्ये असू द्या. ट्यूबची टोकं घट्ट बसलीत का, हेही पाहा.

मग फनेल, म्हणजे स्तनावर बसणारा नरसाळ्यासारखा भाग. पंपासोबत बहुधा 24 मिमीचा येतो. तो तुम्हाला बसेलच असं नाही. स्तनाग्राच्या बुडाचा व्यास मोजा (भोवतीचं गडद वर्तुळ धरू नका) आणि त्याहून 0 ते 3 मिमी मोठा फनेल घ्या. स्तनाग्र कडेला घासत असेल तर फनेल लहान, गडद भाग खोल ओढला जात असेल तर मोठा. दोन्ही बाजूंचं माप वेगळं निघू शकतं.

ओढ कमाल ठेवली की दूध जास्त येतं, हा गैरसमज. दुखलं की पान्हा अडतो. सुरुवातीला एक-दोन मिनिटं हलकी, जलद गती ठेवा. धार लागली की संथ, खोल गतीवर या. दुखण्याच्या एक पायरी खाली थांबा.

मीटिंगपायी वेळ चुकवणं सर्वांत महागात पडतं. स्तन भरलेले राहिले की शरीर दूध बनवणं कमी करतं. दर तीन तासांनी 15-20 मिनिटं काढाच. लाल, गरम गाठ आणि ताप आला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. खोली त्याहून गरम असेल तर लगेच बर्फाच्या पॅकसह पिशवीत ठेवा. ताजं कोमट दूध थंड दुधात ओतू नका, आधी गार करा. मायक्रोवेव्ह नकोच: दूध कुठे थंड, कुठे चटका बसेल इतकं गरम होतं. वर साय धरली तर दूध नासलं असं नाही. बाटली हलकेच फिरवा.

आणि हिशेब नीट करा. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण 750 मिली पितं, म्हणजे नऊ तासांच्या गैरहजेरीत 300 मिलीच्या आसपास. घरी प्रत्येक रडण्यावर बाटली तोंडाला लावली जात असेल, तर कितीही काढलं तरी कमीच पडेल. सांभाळणाऱ्यांना सांगा: बाटली आडवी धरा, मध्ये मध्ये थांबा, एका वेळी 60-90 मिलीच भरा.