ग्लुकोज सेन्सर बनवताय? आधी या चुका टाळा

रबाळे-महापेच्या छोट्या लॅब असोत की नेरूळ-वाशीच्या कॉलेजांमधले प्रोजेक्ट, सूक्ष्म सुईने त्वचेखालची साखर मोजणारा ग्लुकोज सेन्सर करणारी मुलं एकच तक्रार घेऊन येतात: "मॅडम, सेन्सर ड्रिफ्ट होतोय", म्हणजे त्याच द्रावणात त्याचा आकडा सरकतोय. बहुतेक वेळा सेन्सरमध्ये काही बिघाड नसतो. चाचणीचं ग्लुकोजचं द्रावण ताजं असतं, तिथेच घोळ असतो.

ग्लुकोजच्या रेणूची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं असतात. सेन्सरवर लावलेलं ग्लुकोज ऑक्सिडेझ हे एन्झाइम बीटा रूपातल्या ग्लुकोजवरच नीट काम करतं. बाजारातली पांढरी पूड मुख्यतः अल्फा रूपात असते. पाण्यात विरघळल्यावर हळूहळू सुमारे ६४ टक्के बीटा होतं. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा धीर कुणाला नसतो. गेल्या पावसाळ्यात एका गटाने सकाळी द्रावण करून लगेच कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या साखरेशी करंट जुळवून बघणं) सुरू केलं. दुपारी त्याच बाटलीत तोच सेन्सर जास्त करंट दाखवू लागला. मग नवं एन्झाइम मागवलं, इलेक्ट्रोड पुन्हा लेपले, पोटेन्शिओस्टॅटच्या (व्होल्टेज देऊन करंट मोजणाऱ्या यंत्राच्या) वायरी बदलल्या, दमट हवेवरही खापर फोडलं. रोज सकाळी नवं द्रावण, म्हणून रोज तोच गोंधळ. शेवटी आदल्या दिवशीची उरलेली बाटली वापरायला लावली, तेव्हा सकाळ-दुपारचे आकडे जुळले.

माझ्याकडे ग्लुकोजच्या द्रावणाचा स्टॉक संध्याकाळीच होतो, रात्रभर बाहेर राहतो, सकाळी फ्रिजमध्ये जातो. बाटलीवर तारीख आणि वेळ हवीच. गढूळ दिसली की फेकायची. डब्यावर मोनोहायड्रेट लिहिलंय का तेही बघा. असेल तर रेणुभार १८० नाही, १९८ धरायचा.

दुसरी चूक म्हणजे नुसत्या बफरमधल्या (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या साध्या द्रावणातल्या) सुंदर आलेखावर खूश होणं. प्लॅटिनमवर ०.६ व्होल्टच्या आसपास एन्झाइमने ग्लुकोजपासून तयार केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजता, तेव्हा व्हिटॅमिन सी, युरिक ॲसिड आणि पॅरासिटामॉलही करंट देतात. तापात गोळी घेतलेल्या रुग्णाची साखर उगाच जास्त दिसेल, आणि त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन टोचून घेईल. हे तिन्ही पदार्थ घालून चाचणी केल्याशिवाय मी आलेख बघतच नाही. नको ते पदार्थ अडवणारा नेफिऑन या पॉलिमरचा थर किंवा कमी व्होल्टेजवर चालणारा प्रशियन ब्लू या रंगद्रव्याचा लेप, दोन्हींचा उपयोग होतो.

साखर आणि करंटच्या आलेखाची रेषा ५ मिलिमोल प्रति लिटरपर्यंतच सरळ असेल तर तो सेन्सर मधुमेह्यांच्या कामाचा नाही. २० मिलिमोल प्रति लिटर म्हणजे ३६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, तिथपर्यंत जायला हवं. बाहेरचं पॉलियुरेथेनचं आवरण त्यासाठीच असतं. ते ग्लुकोजचा ओघ रोखतं, म्हणजे एन्झाइमला लागणारा ऑक्सिजन कमी पडत नाही. घाई म्हणून तो थर गाळणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे, थेट परत पाठवते.

एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय स्वतःच्या दंडावरही टोचू नका.

आणि जेवल्यावर लगेच बोटाच्या रक्ताशी तुलना करू नका. त्वचेखालच्या द्रवात साखर रक्तापेक्षा काही मिनिटं उशिरा चढते. साखर स्थिर असताना जोडीने रीडिंग घ्या, मग फरक सेन्सरचा की उशिराचा ते कळेल.