जुनी गाडी विकताय? चावी देण्याआधी एवढं करा

पैसे आले, चावी दिली, आता आपला त्या गाडीशी संबंध संपला, असं बहुतेक विकणाऱ्यांना वाटतं. मोटार वाहन कायदा, १९८८ मात्र ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्यालाच मालक मानतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' हा निकाल विकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आणि २००९ मध्ये तिच्याखाली येऊन एक मूल दगावलं. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, तोवर पहिल्याच मालकाचं नाव होतं, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. त्यामुळे आपली सगळी तयारी चावी देण्यापासून आरसीवरचं नाव बदलेपर्यंतच्या काळासाठी असायला हवी.

गिऱ्हाईक शोधण्याआधीच आरसीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवून घ्या. कर्ज फिटलं तरी बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आरटीओत दिल्याशिवाय बँकेचं नाव जात नाही, आणि ते असेपर्यंत ट्रान्सफर अडकते. ई-चलानं भरून टाका आणि थकबाकी नसल्याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. विमा संपत आला असेल तर नूतनीकरण करूनच गाडी द्या. 'आता विकायचीच आहे, कशाला पैसे घालायचे' हा विचार फार महागात पडू शकतो. चालू विमा असेल तर धडक बसलेल्या तिऱ्हाइताची भरपाई विमा कंपनी देते. तो संपलेला असेल आणि गाडी अजून तुमच्या नावावर असेल, तर दाव्याची रक्कम तुमच्या खिशातून जाऊ शकते, आणि मृत्यूच्या दाव्यात ती लाखांत असते.

घेणारा नक्की कोण, हे विचारायला संकोच करू नका. मूळ आधार आणि लायसन्स पाहा, प्रती घ्या, आणि पत्र खरंच पोहोचेल असा पत्ता लिहून घ्या. उद्या नोटीस धाडायची तर ती त्याच पत्त्यावर जाणार. 'गाडी भावासाठी घेतोय' असं कोणी म्हणालं तर त्या भावालाच बोलवा. आणि फॉर्म २९ व ३० या गाडी नावावर करण्याच्या फॉर्मांवर कोऱ्या सह्या कधीही, कुणालाही देऊ नका, एजंट कितीही ओळखीचा असला तरी. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही करा. कोरे फॉर्म हातात असले की गाडी तिसऱ्याला, चौथ्याला विकली जाते आणि कागदावर तुम्हीच राहता. जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर तो आरटीओकडे नोंदणीकृत आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरसोबत फॉर्म २९सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना) ऑनलाइन भरता येतो आणि गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

करारनाम्यात गाडीचा नंबर, चासी आणि इंजिन नंबर, मीटरवरचे किलोमीटर, किंमत, आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ मिनिटासकट लिहा. संध्याकाळी गाडी दिली आणि रात्री तिने सिग्नल तोडला, तर ती वेळच तुमच्या बाजूने बोलेल. त्यानंतर माहीत असलेले दोष मोकळेपणाने लिहा: इंजिनचं काम झालंय, पुढचा बंपर बदललाय, एसी कमी गार करतो. घेणाऱ्याने मेकॅनिक आणून गाडी तपासली असेल तर तेही लिहून सही घ्या. महिन्याभराने 'फसवलं' म्हणून येणारा बहुतेकदा न सांगितलेल्या दोषावरूनच भांडतो. घरची एखादी गाडी विकणारा व्यापारी ठरत नसल्याने ग्राहक आयोगात असा दावा सहसा टिकत नाही, पण दिवाणी कोर्ट आणि पोलीस तक्रार हे मार्ग त्याला मोकळे असतात. 'जशी आहे तशी विकली' हे वाक्य खोटं बोलणाऱ्याला वाचवत नाही. नोटरी केल्याने गाडी नावावर होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पैसे खात्यावर घ्या, टोकनची पावती द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेतली तर प्राप्तिकर खात्याचा तेवढ्याच रकमेचा दंड रोकड घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर, बसतो. फास्टॅग ताबडतोब बंद करा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) तुमचा आहे, गाडीचा नाही. त्याचं प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घ्या.

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर आरटीओला १४ दिवसांत कळवणं हे विकणाऱ्याचं काम, ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करणं हे घेणाऱ्याचं. माझं मत विचाराल तर त्याच्यावर सोडूच नका. ताबा देण्याच्या दिवशीच दोघांनी बसून परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा, फी भरावी आणि पावती दोघांकडे असावी. मग नाव बदलेपर्यंत एमपरिवहन ॲपवर पाहत राहा. परराज्यात गाडी जाणार असेल तर फॉर्म २८ची एनओसी आधी मिळवा.

घेणारा टाळाटाळ करू लागला तर फोनवर वाद घालत बसू नका. स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, आरटीओत आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, आणि पोचेचा शिक्का मारलेली प्रत जपा. पोलिसांनी गाडी कोण चालवत होतं असं विचारलं तर करारनामा आणि घेणाऱ्याचे कागद दाखवून लेखी उत्तर द्या; ती माहिती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मोटार अपघात दावा प्राधिकरणाचं समन्स आलं तर 'माझी गाडीच नाही' म्हणून ते बाजूला टाकू नका. हजर राहिला नाहीत तर एकतर्फी आदेश होऊ शकतो. त्याच आठवड्यात वकील गाठा, अपघाताच्या दिवशी पॉलिसी ज्या कंपनीची होती तिला लेखी कळवा, आणि घेणाऱ्याला दाव्यात पक्षकार करण्याचा अर्ज द्यायला वकिलांना सांगा.